ओहोटीखालची विहीर

मोंजी आणि त्याची बायको रादिया फेरीबोटीतून उतरून बेटावरच्या जुन्या घरी पोचले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दारातच त्यांना सोळा जोडी छोट्या चपला ओळीनं लावलेल्या दिसल्या.

"हे काय? लग्नबिग्न आहे का कुणाचं?" मोंजीनं विचारलं.

"शाळा आहे," त्याचा धाकटा भाऊ खमैस म्हणाला. तो भिंतीला टेकून खजुरीच्या झावळ्या साफ करत बसला होता. शर्फिया, म्हणजे मासे धरायचं समुद्रातलं कुंपण, लावायचे दिवस होते. अजून शंभरेक झावळ्या समुद्रात रोवून कुंपण पुरं करायचं होतं आणि माशांना सापळ्याच्या कोंडीपर्यंत वाट करून द्यायची होती. "तुझ्या बहिणीची शाळा. आज वर्षातली मोठी ओहोटी. दर वर्षी याच दिवशी पोरं आणते ती."

"नेमकी आजच?"

"आता समुद्राला काय सांगू, मोंजीदादा येतोय, ओहोटी पुढच्या आठवड्यात लाव म्हणून?"

मोंजी हसला नाही. स्फाक्स शहरात तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यामुळे लोकांनी त्याच्यासमोर तोंड उघडलं तरी त्यांचं बोलणं ऐकायची सवय त्याला राहिली नव्हती. तो एका कामासाठी आला होता आणि संध्याकाळच्या बोटीनं परत जाणार होता. वसंतात बाबा हशमी गेले. घर आता आई आणि तीन मुलं अशा चौघांच्या नावावर होतं. एका हॉटेलवाल्याला ते किनाऱ्यासकट हवं होतं, आणि शनिवारी दस्त लिहिणाऱ्या अदूलसमोर सह्या करायची त्याची तयारी होती. खमैस फोनवर हो म्हणाला होता. राहिल्या होत्या आई आणि बहीण नजीहा.

"आधी बसा, खा," आतून आईचा, मन्नूबियाचा आवाज आला. "बसीसा कालवून ठेवलाय. मग भांडा."

भाजल्या जवाचं पीठ, वर ऑलिव्हचं तेल, शेजारी अंजिरं. मोंजीनं दोन घास खाल्ले आणि विषय काढला. "उम्मी, तो माणूस शनिवारपर्यंतच थांबणार आहे. नंतर दुसऱ्या गावात जागा बघेल."

"बघू दे की. बेट काय एवढंच आहे?"

"मी काय म्हणतोय ते कळतंय ना तुला?"

"कान म्हातारे झालेत, डोकं नाही. मी माझा वाटा नजीहाच्या मंडळाला देणार आहे. तुम्हीही द्यावा असं मला वाटतं. घर मंडळाचं होऊ दे."

मोंजीनं चमचा खाली ठेवला. "मंडळ म्हणजे कोण? नजीहा, दोन निवृत्त मास्तर आणि तो पोस्टमन."

"पोस्टमन गेला," खमैस दारातून म्हणाला. "म्हणजे जिवंत आहे. मुलीकडे गेला राहायला."

"बघ! दीड माणसाचं मंडळ. आणि शिकवतात काय? चिखल!"

गच्चीवरून नजीहा खाली येत होती. तिच्या मागे पोरांचा कलकलाट. शेवटचं वाक्य तिनं ऐकलं होतं, पण तिचा चेहरा बदलला नाही. गावच्या शाळेत बावीस वर्षं मुलं सांभाळली की चेहऱ्याला तेवढं येतं. "हो, चिखलच शिकवतो दादा. आपल्या पायाखालचा. पाणी कुठून येतं, खजुरी का वाळतात, या वाडीला तिचं नाव कसं पडलं. शाळेच्या पुस्तकात पॅरिसची नदी आहे, आपली खाडी नाही. म्हणून मंडळ."

"आज काय शोधणार?" रादियानं विचारलं. तिनं विचारलं याचं मोंजीला आश्चर्यच वाटलं.

नजीहानं एका मुलीला पुढे केलं. "अर्वा, सांग काकूंना."

अर्वा दहा वर्षांची होती. तिनं वही उघडून घडाघडा वाचलं, "जुन्या खरेदीखतात लिहिलंय, घराच्या पूर्वेला चाळीस खजुरी, खजुरींच्या मधे गोड्या पाण्याची विहीर, आणि विहिरीपासून समुद्र दोनशे पावलांवर."

मोंजी आता मात्र हसला. घराच्या पूर्वेला पंधरा पावलं वाळू होती आणि पुढे थेट समुद्र. "बाबा काय म्हणायचे ठाऊक आहे ना? लिहिणारा अफू खाऊन बसला होता. पश्चिम लिहायचं ते पूर्व लिहिलं."

"म्हणायचे," नजीहा म्हणाली. "चला रे, रबरी बूट घाला. खेकडे चावतात."

पोरं गेली तसं घर एकदम रिकामं झालं. मोंजी खमैसकडे वळला. "तू सांग ना उम्मीला."

खमैसनं खाली बघतच सांगितलं. खेकड्यांनी गेल्या वर्षी त्याचे सगळे सापळे कापले होते. त्या निळ्या खेकड्यांना बेटावरचे कोळी दाएश, म्हणजे इसिस, म्हणत, कारण ते येतात, कापतात आणि जे उरेल ते घाण करून जातात. "मी एक्कावन्न वर्षांचा आहे, उम्मी. कमरेएवढ्या पाण्यात आणखी किती वर्षं उभा राहू? दादाचं म्हणणं मला पटतं. स्फाक्समध्ये टॅक्सी चालवीन."

मन्नूबियानं रिकामा पेला पुढे सरकवला. रादियानं त्यात चहा ओतला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मला विचाराल तर घर त्यांचं आहे. ज्यांना द्यायचंय त्यांना देऊ दे."

"तुला कोण विचारतंय?"

"तेच तर. तीस वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून स्वतःच सांगितलं."

*

दहाच्या सुमारास खमैसच्या लक्षात आलं की आवाज थांबलाय.

तीन दिवस पश्चिमेचा वारा पाण्याला किनाऱ्यापासून ढकलत होता. ओहोटी मोठी असणार हे त्याला ठाऊकच होतं. पण आता लाटांचा तो बारीक चुळचुळ आवाजसुद्धा येत नव्हता. तो उठून वाळूवर गेला आणि तिथंच उभा राहिला.

समुद्र नव्हता.

एरवी कधीही तळाला टेकल्या नसत्या अशा जागी होड्या कुशीवर पडल्या होत्या. त्याची शर्फिया, निम्मी लावून झालेली, अख्खीच्या अख्खी उघडी उभी होती. जिथं त्यानं डोळे मिटून, हातानं चाचपून, श्वास कोंडून झावळ्या रोवल्या होत्या तिथला तळ उन्हात चमकत होता. स्वतःच्या हातच्या कुंपणाचे पाय तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. काही वाकडे होते. त्याला उगीचच लाज वाटली.

तो चालत सुटला. शेवटच्या कोंडीपर्यंत गेला आणि तिच्याही पुढे. पुढची जमीन त्याची नव्हती, कुणाचीच नव्हती. त्यावरून त्यानं हजारदा होडी हाकली होती आणि ती कधी पाहिली नव्हती. समुद्रगवत एकाच दिशेला विंचरल्यासारखं आडवं पडलं होतं. मधून मधून चिखल बारीक टचटच वाजत होता.

पोरं लांब उभी दिसली. सोळा पोरं, आणि चकार शब्द नाही. त्यामुळंच तो धावायला लागला. त्याला वाटलं कुणाला तरी काहीतरी झालं.

कुणाला काही झालं नव्हतं. त्यांच्यासमोर खुंट होते. काळे, गुडघ्याएवढे, शिंपल्यांनी मढलेले. सरळ ओळीत एकामागे एक, हातानं लावलेल्या झाडांसारखे.

"खमैसकाका," अर्वा कुजबुजली, मशिदीत बोलावं तशी, "इथं कोण राहायचं?"

खमैसनं नजीहाकडे बघितलं. ती चिखलात गुडघ्यावर बसली होती. सहा वर्षं ती मुलांना सांगत आली होती की बाग आहे, समुद्र चढलाय, जमीन खचलीय, पण बाग आहे. आणि गेली दोन वर्षं रात्री पडल्या पडल्या तिला वाटायचं की आपण मुलांना थापा मारतोय. आता तिचा एक हात खुंटावर होता.

"मोजले का?" शेवटी खमैसनं विचारलं.

"सदतीस," एक मुलगा म्हणाला.

"चाळीस असणार," अर्वा म्हणाली. "तीन वाळूखाली गेलेत."

"उम्मीला आणतो," खमैस म्हणाला, आणि आला तसाच उलटा पळत सुटला.

*

मन्नूबियाला गाढवाच्या गाडीत बसवलं. वाळूचा टणक पट्टा कुठून जातो हे खमैसला ठाऊक होतं. तो गाढवाचा दोर धरून पुढे, रादिया गाडीच्या कडेला हात ठेवून, आणि सगळ्यात मागे मोंजी. त्याच्या शहरी बुटांत पहिल्या शंभर पावलांतच चिखल गेला. त्यानं ते काढून हातात घेतले, मग एका होडीत टाकले.

रादिया दर उन्हाळ्यात इथं यायची. छपराखाली खुर्ची, गॉगल, समोर निळं पाणी. समुद्र म्हणजे बघायची गोष्ट, एवढंच. आता ती त्याच्या तळावरून चालत होती. एखादा माणूस घरात नसताना त्याच्या आतल्या खोलीत शिरावं तसं तिला वाटत होतं. कुठे एकटा पडलेला स्पंज, कुठे फुटक्या रांजणाची कड, कुठे डबक्यात अडकलेला बोटभर मासा, आणि वर एवढं मोठं आभाळ. तिनं मागे वळून पाहिलं. घर मुठीत मावेल एवढं झालं होतं.

"भीती वाटते का गं?" मन्नूबियानं विचारलं.

"नाही," रादिया म्हणाली. मग म्हणाली, "हो."

खुंटांपाशी आल्यावर मन्नूबिया स्वतःच्या पायांनी खाली उतरली. कुणी हात दिला तो तिनं घेतला नाही. पहिल्या ओळीपासून ती हळूहळू चालत गेली. मुलं दोन्ही बाजूंना सरली. तिसऱ्या ओळीच्या टोकाशी ती थबकली. तिथं एकाच बुंध्यातून तीन खुंट निघाले होते.

"तिघी बहिणी," ती म्हणाली.

"काय म्हणालीस, उम्मी?" नजीहा उठून जवळ आली.

"माझी सासू जाळं विणताना पुटपुटायची. नवरी, काळी, तिघी बहिणी, लंगडी. सतराव्या वर्षी मी या घरात आले. मला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय, गेलेल्या बायकांची नावं घेते. तिलाही ती नावं तिच्या सासूनं दिली होती. तिनं तरी कुठं पाहिली होती?" तिनं डोळ्यांवर हात धरला. "झाडं होती गं ती. झाडांची नावं होती."

नजीहाची वही हातातून गळून चिखलात पडली. ती उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

"लंगडीच्या पायाशी वाकायचं आणि प्यायचं, असं म्हणायची ती," मन्नूबिया म्हणाली. "लंगडी कुठाय? बघा रे. तिरकी असेल."

पोरं पांगली. पाचव्या ओळीत एक खुंट कलता होता. त्याच्या मुळाशी वाळू आणि गवताचा ढीग होता. खमैस वाकला, त्याच्या शेजारी पोरं वाकली, हातांनी, शिंपल्यांनी, अर्वा तर स्वतःच्या बुटानं वाळू उपसायला लागली. थोड्या वेळानं खमैसची बोटं दगडाला लागली. वाकडा, गोलाईत वळलेला दगड. विहिरीचं तोंड.

मोंजी लांब उभा होता. तो आपणहून पुढे आला आणि पँटसकट चिखलात बसला. विहिरीच्या कडेवर खाचा होत्या, पाच-सहा, शेजारी शेजारी. त्यानं एका खाचेत बोट घातलं आणि डोळे मिटून ते पुढे-मागे फिरवलं. दवाखान्यात रोज हेच तर करत होता तो, बोटानं दातांची झीज ओळखायची.

"दोराची आहे," तो म्हणाला. "एका माणसाच्या आयुष्यात एवढी होत नाही. दोनशे वर्षं तरी ओढलाय इथं दोर. रोज. बघ, उजवीकडची जास्त खोल आहे. बहुतेक जण उजव्या हातानं ओढणारे होते." मग त्यानं दुसऱ्या खाचेत बोट घातलं. "इथं एक डावखुरा होता."

खमैस डावखुरा होता. बाबाही डावखुरे होते.

उपसलेल्या जागेत पाणी भरत होतं, खालून, हळूहळू, बुडबुडे न काढता. अर्वानं बोट बुडवून जिभेला लावलं. "बाई! हे कमी खारट आहे!"

मन्नूबियानं ओंजळ पुढे केली. चाखलं, आणि तशीच ओली ओंजळ छातीशी धरून उभी राहिली. "आहे," ती म्हणाली. "अजून येतंय."

मग मोंजी बसल्या जागेवरून, कुणाकडेही न बघता बोलला.

"मला का नाही कुणी दाखवलं?"

"आम्ही तरी कुठं पाहिलं होतं, दादा?" नजीहा म्हणाली.

"हे नाही गं. हे सगळं. पाणी कधी जातं, वाट कुठे असते, तळ कुठे टणक लागतो. अकरा वर्षांचा होतो मी. बाबांनी बोटीत बसवलं आणि म्हणाले, तू शीक. खमैसला समुद्र दिला आणि मला वसतिगृहाची खाट. गावच्या परक्या पोरांना तू बोट धरून शिकवतेस. दर उन्हाळ्यात मी गच्चीवरून बघतो, आणि मला राग येतो. वाटायचं, तुझाच राग येतोय."

"समुद्र दिला?" खमैसचा आवाज चढला. "मला शाळेतून काढलं, ते सांग ना! तुझ्या कॉलेजची फी भरायची म्हणून मी नवव्या वर्षी पाण्यात उतरलो. तुझी पत्रं यायची तेव्हा बाबा ती माझ्यासमोर धरायचे, वाच म्हणायचे. मला अर्धी वाचता यायची नाहीत."

दोघं भाऊ विहिरीच्या दोन बाजूंना चिखलानं माखून बसले होते. पोरं त्यांच्याकडे बघत होती. नजीहा त्यांना दूर न्यायला वळली, पण मन्नूबियानं तिला थांबवलं.

"ऐकू दे त्यांना. हाही इतिहासच आहे की." ती लंगडीच्या खुंटावर बसली. "दोघांचंही खरं आहे. आम्हाला तेव्हा तेवढंच सुचलं. चुकलंही असेल." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "मला वाटत होतं, मंडळाला घर दिलं की घर टिकेल. आता कळलं, नाही टिकणार. ज्यांनी ही बाग लावली त्यांनाही वाटलंच असेल टिकेल म्हणून. तुमच्या नातवंडांच्या वेळी आपल्या उंबऱ्यावर मासे फिरतील. पण माझ्या सासूनं चार नावं तोंडात ठेवली, म्हणून आज विहीर सापडली. मला एवढंच करायचंय. नावं तोंडात राहतील असं."

खमैसनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं आणि सवयीनं पूर्वेकडे पाहिलं. तो ताडकन उभा राहिला.

"चला. आत्ताच्या आत्ता."

क्षितिजाशी एक चमकती रेघ होती. घाबरायला ती पुष्कळ लांब होती. पण खमैस तिच्याकडे बघत नव्हता. तो मागे, घर आणि बागेच्या मधल्या खाडीकडे बघत होता. पाणी तिथून आधी येतं, पाठीमागून.

नजीहानं मुलांचे हात एकमेकांत दिले. गाढव बिथरलं होतं, गाडी ओढेना. खमैसनं गाडी सोडून दिली आणि गाढवाला नुसतंच पुढे घातलं. मन्नूबिया उठत नव्हती. तिचा हात विहिरीच्या पाण्यात होता.

"उम्मी."

"एक मिनिट रे."

"मिनिट नाहीये," मोंजी म्हणाला, आणि एकसष्टाव्या वर्षी त्यानं आईला पाठुंगळी घेतलं. ती कोंबडीएवढी हलकी लागली. त्याला धक्काच बसला.

खाडीत पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. खमैस काठीनं चाचपत पुढे होता, पोरांची साखळी त्याच्यामागे. मोंजी दोनदा रुतला. दुसऱ्या वेळी पाय निघेना. आई पाठीवर, पाणी मांड्यांपर्यंत, आणि साखळी पुढे गेलेली. तेवढ्यात अर्वा साखळीतून सुटून मागे आली.

"काका, मोकळ्या जागी पाय नका ठेवू. गवत दिसतं तिथं ठेवा. गवताखाली टणक असतं. माझ्या मागे या."

मोंजी तिच्या मागे गेला. एक गवत, दुसरं गवत. तिचे पाय जिथं पडायचे तिथंच त्याचे. पाठीवरून आईचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. "डावीकडे," ती मधेच म्हणाली, आणि खरंच डावीकडे टणक होतं. तिला ते कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही.

*

ते वाळूवर आले आणि सगळे जण आपोआप मागे वळले.

काही नव्हतं. निळं, सपाट, शांत पाणी आणि त्याच्यावर ऊन. खुंटाचं टोकही नाही. गाडीचं एक चाक तेवढं थोडा वेळ दिसलं, मग तेही बुडालं. एका लहान मुलानं विचारलं, "बाई, ते खरंच होतं ना?" आणि रादियानं, जिला कुणी विचारलं नव्हतं, उत्तर दिलं, "होतं. मी पाहिलंय."

स्वयंपाकघरातून कुसकुस आणि ऑक्टोपसचा वास येत होता. कुणीच आत जायला तयार नव्हतं.

मोंजीनं आईला दगडावर बसवलं. खमैस त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"खेकडे उद्याही सापळे कापणारच आहेत," खमैस म्हणाला. "हे मी आत्ताच सांगून ठेवतो."

"ठाऊक आहे."

"टॅक्सीचं माझं अजून ठरलेलं नाही."

"तुझं तू ठरव. मी तर शनिवारी मंडळाच्या नावानं सही करतो. हॉटेलवाल्याला फोन मी करीन." मोंजीनं श्वास सोडला. "बोटीची तिकिटंही रद्द करावी लागतील."

"मी केव्हाच केलीत," रादिया म्हणाली.

नजीहानं पोरांना वाळूवर गोल बसवलं. रादियाकडून तिनं एक कोरी वही मागून घेतली होती. ती नेहमीपेक्षा जास्तच खणखणीत बोलली. "उद्या अकराच्या सुमाराला पुन्हा ओहोटी आहे. वारा राहिला तर पुन्हा जाऊ. विहिरीचं माप घ्यायचंय, सगळ्या खुंटांचा नकाशा काढायचाय. कोण कोण येणार? हात वर करा, नावं लिहिते."

सोळा हात वर गेले. ती एकेक नाव लिहीत गोल फिरली. शेवटच्या मुलापाशी पोचली तेव्हा त्याच्या मागे आणखी एक हात वर होता, मनगटापर्यंत चिखलानं काळा, पांढऱ्या केसांच्या डोक्याच्याही वर ताठ धरलेला.

नजीहानं त्या हाताकडे पाहिलं. मग मान खाली घालून पेन वहीवर टेकवलं.

"नाव?" तिनं विचारलं.

"मोंजी," तो म्हणाला. "हशमीचा मुलगा."